मूत्राशयाचा कर्करोग : चाचणीआधी दोन प्रश्न विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूत्राशयाच्या कर्करोगातील जनुकीय चाचण्यांवर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. रुग्ण किती जगेल हे आता चाचणीच सांगेल, असा त्याचा सूर आहे. पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझी सारी नोकरी गाठींच्या स्लाइड पाहण्यात गेली. म्हणून पी-५३ ची हकीकत वाचकांपुढे यावी असे वाटते.

पी-५३ हे पेशींच्या वाढीला आवर घालणारे प्रथिन. ते बिघडले की केंद्रकात साचते आणि रंगवलेल्या स्लाइडवर दिसते. १९९४ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉक्टरांनी मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांच्या गाठी तपासल्या. पी-५३ साचलेल्यांचा आजार जास्त वेळा उलटला आणि मृत्यूही जास्त झाले. मग पी-५३ पाहूनच केमोथेरपी ठरवावी का, याची रीतसर परीक्षा झाली. ४९९ जणांच्या गाठी तपासल्या, २७२ पॉझिटिव्ह निघाले. त्यांतल्या तयार झालेल्या ११४ जणांची चिठ्ठी पद्धतीने केमो आणि नुसती देखरेख अशी विभागणी झाली. २०११ मध्ये निकाल छापून आला. केमोचा फायदा दिसला नाही, आणि पी-५३ वरून कोणाचा आजार उलटेल हेही सांगता आले नाही. बऱ्याच जणांनी नेमून दिलेला उपचार घेतला नाही, हे खरे. तरीही सतरा वर्षे बाळगलेली आशा तिथे टिकली नाही.

सगळ्याच चाचण्यांचे असे होत नाही. एफजीएफआर-३ जनुकातला बदल बहुधा वरवरच्या, कमी आक्रमक गाठींत सापडतो; पसरलेल्या आजारात तो असेल तर त्यावर नेमके औषध आहे. एर्डाफिटिनिब नावाच्या या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीचा डीएनए शोधण्याची चाचणी तर २०२५ मध्ये तशाच कठोर परीक्षेतून पार पडली. डीएनए सापडलेल्यांना अटेझोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध दिल्यावर त्यांचे आयुष्य वाढले. ज्यांच्या रक्तात तो सापडला नाही त्यांना औषधाविना देखरेखीवर ठेवले, आणि त्यांतल्या बहुतेकांचा आजार पहिल्या दोन वर्षांत उलटला नाही.

म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी नव्या रुग्णांवर पारखली गेली आहे का? आणि निकाल काहीही आला, तरी उपचार तोच राहणार का? तोच राहणार असेल, तर घरातला पैसा राखून ठेवावा. आपल्याकडे अशा चाचणीसाठी दागिने मोडणारी माणसे मी पाहिली आहेत.

त्याआधी साधा बायोप्सी रिपोर्ट नीट वाचून घ्यावा. दुर्बिणीतून खरवडलेल्या तुकड्यांत मूत्राशयाचा स्नायू आला आहे की नाही, हे त्यात लिहिलेले हवे. स्नायूच आला नसेल, तर आजार स्नायूत घुसला आहे का ते सांगता येत नाही, आणि मूत्राशय काढायचे की वाचवायचे हा निर्णय त्यावरच ठरतो. आक्रमक गाठीत स्नायू नसेल, तर काही आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालावी लागते. रुग्णाच्या आयुष्याचा अंदाज बांधायला आजही याइतके भरवशाचे दुसरे काही मला माहीत नाही. पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात ती मेणाची वडी, हीही जपायला सांगावी, पुढे जनुकीय तपासणी करायची झाल्यास तीच लागते.

पुढच्या पुरवणीत हे छापावे, ही विनंती. सोबत एवढेही छापावे : लघवीतून न दुखता एकदाच रक्त गेले आणि आपोआप थांबले, तरी त्याच आठवड्यात दाखवावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

— एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, मिरज