दीपमाळ कुठंय रे?

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय पाटला,

दीड वर्ष झालं, ना पत्र ना फोन. दिवाळीला तू एवढा मोठा मेसेज लिहिलास आणि मी नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं, त्याची अजून लाज वाटते. तब्येत बरी आहे, कंबर अधूनमधून धरते. आईची साखर काबूत आहे. ते जाऊ दे.

काल तुझी आत्या प्रदर्शनाला आली होती.

पुतण्यानं मोटारसायकलवर आणलं. दारात चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मी नको नको म्हणालो, ऐकलं नाही. एकेक फोटो अगदी निवांत बघत होत्या. लडाखमधल्या हानलेच्या आभाळासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘यवढ्या चांदण्या? आमच्या अंगणातबी यवढ्याच व्हत्या की.’’ मला हसू आवरेना. तिथं उणे वीसमध्ये बोटं बधिर करून घेतली होती मी!

मग नाथसागरच्या, आपल्या जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या फोटोपाशी थांबल्या. तोच, धुक्यातला. ‘‘हे आपलं टेकाड.’’

खाली मी फक्त ‘नाथसागर, २०१९’ एवढंच लिहिलंय. गावाचं नाव कुठंच नाही. या तीन बाभळी त्यांच्या वेळी नव्हत्या, पण उतार तोच म्हणाल्या, इकडून बैल पाण्यावर न्यायचे. मग काचेजवळ बोट नेलं आणि टेकाडाच्या डाव्या हाताला मोकळ्या पाण्यावरून फिरवत राहिल्या. ‘‘मंग दीपमाळ कुठंय रे? हितंच व्हती की. चंपाषष्ठीला दिवे ठिवायला मलाच वर चढवायचे. मी अंगानं हलकी.’’

पाटला, तो काळा ठोकळा. तू ‘असू दे’ म्हणालास तो.

तुला ती पहाट आठवते ना? २०१८ चा पाऊस गेलेला, धरण खाली उतरलेलं, आणि जानेवारीतलं ते धुकं. पाव सेकंदात निघाला असता असा उजेड होता. दहा स्टॉपचा, उजेड हजारपट कमी करणारा काळा फिल्टर लावला की तोच पाव सेकंद सव्वाचार मिनिटांचा होतो, पाण्याच्या लाटा विरघळून दुधासारखं पाणी दिसतं. त्या सव्वाचार मिनिटांत तू श्वास धरून उभा होतास, तुझ्या शिंकेनं तिवई हलेल म्हणून! शटर बंद झालं आणि तू सलग चार शिंका दिल्यास. मागचे सगळे बगळे उडाले.

भांडण त्यानंतर झालं, स्क्रीनवर फोटो बघताना. मी म्हणालो, हा डाग काढावा लागेल, डोळा तिथंच अडकतो. तू म्हणालास, पाण्यातलं आहे, आमचंच काहीतरी असेल. आणि मी म्हणालो, ‘‘सगळं काय तुमचंच? धरण सरकारचं आहे.’’ ज्याचं गाव पाण्याखाली गेलं त्याच्या पोराला मी हे म्हणालो. तू भाकरी अर्धी टाकून गंगापूरच्या एसटीत बसलास. बरोबर केलंस.

मी तो ठोकळा पुसला. शेजारचं पाणी उचलून त्यावर बसवलं, पाच मिनिटांचं काम. तेव्हा माझ्या डोक्यात तो इंग्रज फोटोवाला मायकेल केन्ना होता, त्याची वीतभर चौकोनी प्रिंटं, जपानमधल्या होक्काइडोचं बर्फ, एक कुंपण आणि बाकी सगळं पांढरं. तसं रितं पाणी मला आपल्याकडं हवं होतं. पण मी ज्याला रितं म्हणत होतो तिथं वस्ती होती रे. जायकवाडी १९७६ ला पुरी झाली, आत्या तेव्हा पंधरा-सोळाच्या असतील.

जपानला गेलो तेव्हा बिएईला मुद्दाम एका झाडाची जागा बघायला गेलो होतो. शेतात एकटा, कललेला पॉप्लर, जगभरच्या फोटोत असलेला. फोटोवाले पीक तुडवायचे, शेतकऱ्यानं कंटाळून २०१६ मध्ये तोडला. तिथं उभं राहून वाटलं होतं, निदान फोटोत तरी ते झाड उरलं. आणि घराजवळ माझ्या हातून हे.

चित्रकलेच्या सरांनी माझी अजिंठ्याच्या पद्मपाणीची नक्कल परत केली होती, आठवतं? पहिल्या लेण्यात जिथं रंगाचे पोपडे गेलेत तिथं मी माझा रंग भरून सगळं गुळगुळीत केलं होतं. सर काही बोलले नाहीत, फक्त पोपड्यांच्या जागा पेन्सिलनं परत आखून दिल्या. तू वर्गात हसलास म्हणून तुझा डबा मी सांडला होता. त्याचीही माफी राहिलीच आहे.

खरं दुखतंय ते पुढं. आत्यांना मी काय सांगितलं माहितीय? ‘‘पाणी जास्त होतं आत्या, बुडालेली असेल.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आसंल. पडली नसली म्हंजे झालं.’’ आणि चपला घालून गेल्या.

रात्रभर झोप नाही. या फोटोची दहाची एडिशन आहे, त्यातल्या सहा प्रिंट गेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलनं माझी सही आणि क्रमांक. एडिशन म्हणजे शब्द दिलेला असतो, दहा म्हणजे दहाच, आणि पहिली तशीच दहावी. आता चार काढायच्या नाहीत, एवढं मी ठरवलं. पण त्या सहा जणांना काय लिहू? पैसे परत मागितले तर देईन, लडाखच्या दोन वर्कशॉप त्यात जातील, त्याचं काही नाही. घरभाडं त्यावरच निघतं, तरी त्याचं काही नाही. पण तो पुसलेला फोटो सहा भिंतींवर लटकतच राहणार.

आज मूळ फाइल उघडली. दीपमाळ आहे. मोठं करून पाहिलं तर दिवे ठेवायचे दोन दगडी हातही दिसतात, वरचे. धाकट्या आकारात एक प्रिंट काढलीय आत्यांसाठी, एडिशनच्या बाहेरची, तिला नंबर देणार नाही.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीला बारावीला गणित ठेवलं की सोडलं? तुझ्या गुडघ्याला नारायण तेल लाव, गोळ्या खात बसू नको. सविस्तर तू लिही, मला विचारायचं सुचत नाहीये.

शनिवारी येशील का? आत्यांकडं जाऊ. एकटा गेलो तर मी पुन्हा काहीतरी गोड खोटं बोलेन, मला माहीत आहे. तू शेजारी असलास की बोलता येत नाही. पडली नव्हती, निदान २०१९ च्या जानेवारीत तरी उभी होती, हे त्यांना तुझ्यासमोर सांगायचंय. आणि का दिसली नाही, तेही.

प्रिंट टेबलावर पालथी ठेवलीय. सही अजून केलेली नाही. आत्यांनी बघितल्यावर करीन.

तुझाच,
फोटोवाला