टीव्ही बिघडलेला नाहीये, बाबा

प्रिय आई-बाबा,

टीव्हीवर नेटवरून लावलेली मालिका सारखी अडकते म्हणून काल फोनवर बाबा दोनदा म्हणाले की त्यांच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार, आणि तो रिपेरिंगवाला बघून न बघून नवीन टीव्ही घ्या म्हणाला, म्हणून हे नीट लिहूनच पाठवतेय. आधी बाबा, मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडा, पाचच मिनिटं, नाहीतर दिवसाचा डेटा संपेल. चित्र आलं तर टीव्ही ठणठणीत आहे, त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

मला तर भिंतीचाच संशय आहे. आपल्या वायफायची दोन नावं दिसतात ना, एकाच्या शेवटी ५जी आहे, टीव्ही त्याला जोडलाय. (हे ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या लहरींचा एक प्रकार, मोबाईलच्या ५जीशी याचा काही संबंध नाही, नाव ठेवणाऱ्याने उगाच घोळ घातलाय.) ते पळतं जोरात पण भिंत आली की दमतं, आणि राउटर, म्हणजे वायफायचा डबा, ओटीवर, टीव्ही माजघरात, मधे जांभ्याची ती दीड फुटी भिंत. बाबा ओटीवर बसून मोबाईल बघतात म्हणून त्यांना नेट चालू दिसतं आणि आत आईची मालिका गोल गोल फिरत बसते. टीव्हीच्या सेटिंगमधे नेटवर्कवर जाऊन ५जी नसलेलं नाव निवडा, पासवर्ड तोच. ते २.४ गिगाहर्ट्झचं, स्पीड कमी पण भिंतीतून बरं जातं, मालिकेला ५ एमबीपीएसचा स्पीड पुष्कळ झाला.

आई, राउटरवरचा क्रोशाचा रुमाल काढ गं. धूळ बसू नये म्हणून घातलायस ते कळतं पण आत तो तापतो. आणि राउटर लोखंडी कपाटाच्या मागून काढून दाराजवळच्या फळीवर ठेव.

तरी अडलं तर बोर्डावरूनच टीव्ही आणि राउटर दोन्हींची बटणं बंद करा, रिमोटने बंद केलेला टीव्ही नुसता झोपलेला असतो. एक मिनिटाने आधी राउटर, त्याचे दिवे स्थिर झाले की मग टीव्ही. कनेक्टेड लिहून येतं पण काहीच चालत नाही असं झालं तर टीव्हीतली तारीख बघा, चुकली असेल तरी अडतं. आणि राउटरच्या डब्यावर एलओएस लिहिलंय तिथे लाल दिवा लागला तर घरात काही करू नका, बाहेरून सिग्नलच येत नाहीये, बहुतेक वायर तुटली असणार, सरळ केबलवाल्याला फोन.

गणपतीत येताना पंधरा मीटर लॅन केबल, म्हणजे राउटरपासून थेट टीव्हीला जोडायची वायर, आणते, ती लावली की वायफायची कटकटच नको. भिंतीला भोक पाडणार नाही, खिडकीतून घेऊ, आईने विचारायच्या आधीच सांगते.

तुमची,
ताई