फवारणीआधी साबण

महोदय,

९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे रुग्ण आढळल्यावर सॅनिटायझरसाठी औषधाच्या दुकानांत झुंबड उडाली होती. घरी नळाला पाणी असेल तर त्याची गरज नाही. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते. अंगाच्या साध्या साबणानेही ते फुटते. मात्र २० सेकंद तरी हात चोळायला हवेत. घाईत अंगठे, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा कोरड्याच राहतात. शिवाय बेसिनशेजारी घरभराचा एकच ओलसर नॅपकिन लटकत असेल तर धुतलेले हात पुन्हा तिथेच माखतात.

सॅनिटायझर प्रवासापुरते ठेवावे. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल हवे. हात पूर्ण वाळल्याशिवाय गॅस किंवा देवापुढची निरांजन पेटवू नये.

कड्या, बटणे, जिन्याचे कठडे पुसायला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक द्रव) २० मिलिलिटर आणि साधे पाणी ९८० मिलिलिटर पुरे. आधी साबणाने मळ काढावा, नाहीतर क्लोरीन मळावरच खर्ची पडतो. द्रावण रोज ताजे करावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हेच द्रावण सोसायटीच्या फाटकावर माणसांच्या अंगावर तर कधीही फवारू नका, ही कळकळीची विनंती आहे. शरीरात शिरलेला विषाणू त्याने मरत नाही. डोळे आणि श्वासनलिका मात्र होरपळतात. घरकामाला येणाऱ्या मावशींना आत आल्याबरोबर साबण आणि स्वतंत्र कोरडा पंचा द्या.

— एक औषधनिर्माता, पुणे