आधी छप्पर, मग सेल्फी पॉइंट

महोदय,

गोव्याला गेलेली कोल्हापूरकर मंडळी बहुधा किनाऱ्यावरूनच परततात. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात डोकावणारे थोडे, आणि त्यांचे अभिप्राय ऐकले की गंमत वाटते: ‘पोरं रमली’, ‘फोटो झकास आले’. मग कुठल्याही संग्रहालयाचे नूतनीकरण याच मागणीप्रमाणे होते. नवा रंग, दिवे, सेल्फी पॉइंट. विमान राहते बाजूलाच.

तिथले सी हॉक हे लढाऊ विमान नीट पाहावे. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या याच जातीच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. जहाजावर जागा कमी, म्हणून त्यांचे पंख वर दुमडतात. हे पोरांना बोट दाखवून सांगणारा माणूस हवा. नौदलातला निवृत्त तंत्रज्ञ मिळाला तर सोन्याहून पिवळे. तिथलेच सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान, मग हवाई दलाचे, शेवटी नौदलाचे. असली धुडं उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यापावसात उभी. खर्च करायचाच तर आधी छपरावर करावा.

सांगण्यासारखे आपल्याकडेही आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ सुरू झाला. २०२४ मध्ये तिथे नवे टर्मिनल झाले. विमानाची वाट बघणाऱ्याला हा इतिहास जुन्या फोटोंसह निवांत वाचता यावा. आवाहन केले तर फोटो घराघरांतून निघतील. कोल्हापूरकरांच्या ट्रंकांत काय काय असते!

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर