लिहायला जर्नलच्या पहिल्या पानापासून शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतील एक विद्यार्थिनी आपला पदव्युत्तर प्रकल्प-अहवाल घेऊन माझ्याकडे आली. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक असल्याने अशी मुले अधूनमधून येत असतात. अहवालाचा विषय कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या पाण्याची गुणवत्ता हा होता आणि त्याची पाने साठाच्या वर होती. त्यांपैकी पहिली चाळीस पाने पाण्याचे महत्त्व, पृथ्वीवरील पाण्याचे प्रमाण, जलप्रदूषणाची कारणे आणि त्याचे दुष्परिणाम यांवर खर्ची पडली होती. तिने स्वतः केलेली मोजमापे एका पानावर, एका कोष्टकात होती. तलावाच्या दोन ठिकाणचे, म्हणजे संध्यामठाजवळचे आणि शालिनी पॅलेसच्या बाजूचे, विरघळलेल्या ऑक्सिजनचे आकडे तिने दिले होते. त्यांतील एक आकडा दुसऱ्याच्या जवळपास निम्मा होता आणि त्यावरून एक काठ दुसऱ्यापेक्षा अधिक प्रदूषित असल्याचा निष्कर्ष काढलेला होता.

नमुने कधी घेतले, असे मी विचारले. एका ठिकाणचा सकाळी साडेसहाला घेतला, मग कॉलेज असल्यामुळे दुसऱ्या ठिकाणचा दुपारी तीनला घेतला, असे तिने सांगितले. तलावातील शेवाळ व पाणवनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात ऑक्सिजन सोडतात आणि रात्रभर पाण्यातले सगळेच सजीव तो वापरत राहतात. त्यामुळे एकाच जागच्या पाण्यात पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी आणि दुपारनंतर सर्वांत जास्त आढळतो. तिच्या दोन आकड्यांतला फरक काठाचा असेल किंवा नुसता घड्याळाचा असेल, आणि अहवालात वेळ लिहिलेलीच नसल्यामुळे वाचणाऱ्याला हा प्रश्न पडण्याचीही सोय नव्हती.

यानंतर तिने मला पाऊण तास जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झालो. बाटली आधी तलावाच्याच पाण्याने तीन वेळा विसळली होती, आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून तिचे बूच पाण्याखालीच लावले होते, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ऑक्सिजनचे प्रमाण बदलू नये म्हणून मँगॅनस सल्फेट आणि अल्कलीयुक्त पोटॅशियम आयोडाइड काठावरच घातले होते, आणि एका दिवशीचे आभाळ भरलेले असल्यामुळे त्या दिवशीचा आकडा तिला स्वतःलाच खटकला होता. काम नेकीने झालेले होते, शंकाही योग्य जागी आलेली होती, आणि हे सगळे तिने चांगल्या मराठीत, न अडखळता सांगितले. अहवालात मात्र यातले एक अक्षर नव्हते. का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, हे लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. आधीच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये नव्हतं.”

तिच्या या उत्तरामुळे मी हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, शास्त्रीय लेखन हे संशोधनाच्या शेवटी चढवायचे वेष्टन आहे, ही समजूत आपण महाविद्यालयांतून काढून टाकावी आणि ते पदवीच्या पहिल्या वर्षी, प्रयोगशाळेतच, जर्नलमधूनच शिकवावे.

जर्नल या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे जर्नल म्हणजे प्रयोगवही, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे जर्नल म्हणजे शोधनिबंध छापणारे नियतकालिक. पहिल्यातून दुसऱ्यापर्यंत जाणारी वाट असायला हवी होती. पण पहिले जर्नल आपण उतरवून काढण्याची वही करून टाकले आहे. वरच्या वर्गातल्या कोणाची तरी तपासलेली वही मिळवायची, ती सुवाच्य अक्षरात उतरवायची, आकृत्या पेन्सिलीने काढायच्या आणि परीक्षेआधी सही-शिक्का घ्यायचा. अनुमापनाच्या, म्हणजे टायट्रेशनच्या, प्रयोगात ब्युरेटची (द्रावण मोजून सोडणाऱ्या, खुणा असलेल्या काचेच्या नळीची) तीन वाचने घ्यायची असतात. ती 9.8, 9.9, 9.8 अशी येणे अगदी स्वाभाविक आहे, कारण ब्युरेटवरची सर्वांत लहान खूण 0.1 मिलिलिटरची असते. तरीही बहुतेक वह्यांत 9.8, 9.8, 9.8 अशी तीन एकसारखी वाचने दिसतात. ‘कॉन्स्टंट रीडिंग’ आले नाही तर गुण जातील, ही भीती त्यामागे असते. डोळ्यांनी पाहिलेला आकडा बदलून अपेक्षित आकडा लिहिण्याची पहिली सवय इथे लागते, आणि ती लावणाऱ्यांत मीही आहे. 31 वर्षे अशा जर्नलांवर मी सह्या केल्या आहेत आणि तेव्हा त्यात मला काही वावगे वाटले नव्हते.

याचे अधिक वाईट वाटते ते अशासाठी की, शास्त्रीय लेखनाचा सांगाडा आपल्या मुलांना शाळेपासून पाठ असतो. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार शब्द जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूलही झोपेतून उठवले तरी सांगेल. जगभरच्या वैज्ञानिक नियतकालिकांतील निबंध प्रास्ताविक, पद्धत, निरीक्षणे आणि चर्चा या ज्या क्रमाने लिहिले जातात, तो क्रम याहून फारसा वेगळा नाही. यातली ‘कृती’ अशी लिहायची की दुसऱ्या माणसाला ती वाचून तोच प्रयोग करता यावा. निरीक्षणात फक्त दिसले ते लिहायचे. आणि त्यावरून काय वाटते ते अनुमानात, वेगळे ठेवून लिहायचे. ‘द्रावण निळे झाले’ हे निरीक्षण आहे आणि ‘द्रावणात तांबे आहे’ हे अनुमान आहे. ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळली की वाचणाऱ्याला आपली चूक शोधता येत नाही, आणि चूक शोधता यावी यासाठीच तर असे लेखन करायचे असते.

चांगले शास्त्रीय लेखन कसे दिसते, हे कोल्हापूरकराला परदेशी नियतकालिकांतून शिकण्याची गरज नाही. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाणीपातळीच्या बातमीत आपण सारेच ते रोज वाचतो. ‘राजाराम बंधारा, सकाळी 7 वाजता, पाणीपातळी 41 फूट 3 इंच’ अशा एका ओळीत जागा, वेळ, मोजलेली गोष्ट, आकडा आणि एकक हे सर्व येते. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे हे ठाऊक असल्यामुळे तो आकडा कशाशी ताडून पाहायचा हेही कळते. त्या एका ओळीवर चिखली-आंबेवाडीचा शेतकरी जनावरे कधी हलवायची हे ठरवतो. त्या जागी ‘पंचगंगेच्या पाण्यात लक्षणीय वाढ झाल्याचे दिसून आले’ असे वाक्य छापले तर त्याने काय करावे? आमच्या प्रकल्प-अहवालांतली बहुतेक वाक्ये या दुसऱ्या प्रकारची असतात. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेले होते आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला. या दोन पुरांची तुलना आज कोणालाही करता येते, कारण त्या नोंदी रोज, एकाच ठिकाणी आणि एकाच एककात ठेवल्या गेल्या.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आले’, ‘दिसून आले’ अशी कर्मणी वाक्यरचना म्हणजेच शास्त्रीय भाषा, असा एक समज आहे. तिला माझी सरसकट हरकत नाही. पण ‘नमुने गोळा करण्यात आले’ असे लिहिले की कोणी, किती, कुठून आणि केव्हा हे चारही प्रश्न सहज गिळले जातात. ‘आम्ही 300 मिलिलिटरच्या दोन बाटल्या सकाळी साडेसहा वाजता काठापासून दोन मीटर आत भरल्या’ असे लिहू लागले की यातली प्रत्येक गोष्ट आठवावी लागते, आणि आठवत नसेल तर पुढच्या वेळी जागच्या जागी टिपून ठेवावी लागते. लिहिण्याचा धाक असा उलट दिशेने प्रयोगापर्यंत पोचतो. आकड्यांचेही तसेच आहे. गणकयंत्राने 7.38462 दाखवले म्हणून ते तसेच्या तसे उतरवणारा विद्यार्थी, आपली ब्युरेट मोजू शकत नाही इतकी अचूकता स्वतःच्या नावावर लिहून मोकळा होतो.

पानांची संख्या हा तर मोठाच गैरसमज आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि कृष्णन यांनी प्रकाशाच्या नव्या प्रकारच्या प्रकीर्णनाची (विखुरण्याची) वार्ता 1928 मध्ये ‘नेचर’मध्ये दिली ती एका छोट्या टिपणातून, आणि डीएनएच्या रचनेविषयीचा वॉटसन व क्रिक यांचा 1953 चा निबंध जेमतेम एका पानाहून थोडा मोठा आहे. अहवाल जाड असलाच पाहिजे ही अपेक्षा आपण सोडली, तर ती चाळीस पाने उतरवण्याचे कारणच उरणार नाही.

उतरवण्याचा विषय निघालाच आहे तर वाङ्मयचौर्याच्या नियमांबद्दल लिहिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार शोधप्रबंधाचे इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, 10 ते 40 टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, 40 ते 60 टक्के असल्यास वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. नियम आवश्यक होता. पण विद्यार्थ्यांमध्ये त्याचा अर्थ ‘10 टक्के उतरवायला परवानगी आहे’ असा पसरला आहे. मग शब्दांची अदलाबदल करून टक्के खाली आणण्याचा उद्योग सुरू होतो, आणि आता तर चॅटजीपीटीसारख्या साधनांनी तो चुटकीसरशी होतो. संगणक शब्दांचे साम्य मोजतो. विचार कोणाचा आहे हे त्याला मोजता येत नाही. संदर्भ का द्यायचा, हे मुलाला शिक्षेच्या तक्त्यावरून कळणार नाही. मी वर्गात अभंगांचे उदाहरण देत असे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते, आणि कीर्तनकार दुसऱ्याचा अभंग घेतो तेव्हा ती मुद्रा गाळत नाही. उलट ती आवर्जून म्हणतो, कारण त्या नावाने त्याच्याच बोलण्याला आधार मिळतो. दुसऱ्याची मोजमापे किंवा युक्तिवाद घेताना नाव सांगणे इतके साधे आहे. ज्याला ते ताडून पाहायचे आहे त्याला मूळ ठिकाणी जाता यावे, हा त्याचा दुसरा उपयोग.

आयोगाने 2019 च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. त्याचे मी स्वागतच करतो. पण तोपर्यंत विद्यार्थ्याची वही उतरवण्याची सवय सात-आठ वर्षांची झालेली असते.

यावर दोन आक्षेप येतील. शोधनिबंध इंग्रजीतच छापले जातात, मग मराठीत लिहायला शिकवून काय उपयोग, हा पहिला. इंग्रजी आलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु गारगोटी, शाहूवाडी किंवा गडहिंग्लजकडून मराठी माध्यमातून आलेला मुलगा उतरवतो तो बहुधा आळसाने नव्हे, इंग्रजी वाक्य चुकेल या भीतीने. त्याने आधी अर्धे पान मराठीत लिहावे. आपण काय केले हे त्याला एकदा मांडता आले की त्याचे इंग्रजी करणे हे भाषेचे काम उरते आणि ते शिकवता येते. परिभाषेची अडचण पुष्कळ अंशी सुटलेली आहे. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी आहेत, आणि ब्युरेट किंवा टायट्रेशन असे रुळलेले शब्द तसेच ठेवायला काहीच हरकत नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्र मराठीतून किती स्वच्छ सांगता येते हे आयुष्यभर दाखवले.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या वेळेचा आहे आणि तो खरा आहे. अनेक ठिकाणी जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरील तरुण प्राध्यापक धावपळीत असतात, आणि वीस जणांच्या तुकडीतील प्रत्येकाची प्रत्येक वही वाचणे कोणालाही शक्य नाही. म्हणून मी अभ्यासक्रम वाढवण्याची मागणी करत नाही. सत्रातील दहा प्रयोगांपैकी दोनच प्रयोग विद्यार्थ्याने कोणतीही वही समोर न ठेवता, प्रयोगशाळेत बसून, स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहावेत. शिक्षकाने ती दोन पाने खरोखर वाचावीत, समासात प्रश्न लिहावेत, आणि विद्यार्थ्याने ते पान दुरुस्त करून पुन्हा लिहावे. न जुळलेल्या वाचनाला गुण कापू नयेत. ते का जुळले नसावे याचे कारण लिहिणाऱ्याला गुण द्यावेत. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी एवढा बदल प्रात्यक्षिकांच्या गुणांकनात केला, तर चार वर्षांच्या पदवीत शेवटी येणाऱ्या संशोधन प्रकल्पाला वेगळी तयारी लागणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. विद्यार्थ्यांनी केलेल्या लहान प्रयोगांच्या वा मोजमापांच्या दीडशे-दोनशे शब्दांच्या नोंदींसाठी आपण पंधरवड्यातून एकदा थोडी जागा द्यावी. गुऱ्हाळातल्या काहिलीचे तापमान, विहिरींची पाणीपातळी, फौंड्रीतली वाळू असे विषय या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. नोंदी तपासून देण्याचे काम मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य करू.

त्या विद्यार्थिनीने आपल्या अहवालातील पद्धतीचा भाग मराठीत नव्याने लिहून काढला आहे; तो दीड पानांचा झाला. अहवाल सादर व्हायला अजून तीन आठवडे आहेत. येत्या रविवारी ती मैत्रिणीला सोबत घेऊन दोन्ही ठिकाणी एकाच वेळी, सकाळी साडेसहाला आणि पुन्हा दुपारी तीनला, नमुने घेणार आहे. पाण्याचे तापमानही नोंदवायचे ठरल्यामुळे माझ्याकडचा थर्मामीटर ती काल घेऊन गेली.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक,
कोल्हापूर