2000 वॉटचा गीझर, 6.5 अँपिअर आणि "घरात कोणी जेंट्स आहेत का?"

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

विषय: 2000 वॉटचा म्हणून विकलेल्या 25 लिटर गीझरबाबत.

आत्ता चौथा फोन ठेवला. बोलणं चालू असतानाच 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला, तेव्हा आता जे काय ते कागदावर.

आपला माल आपल्याला माहीत असणारच, म्हणून पाल्हाळ लावत नाही. पाटीवर 230 व्होल्ट, 2000 वॉट लिहिलंय. म्हणजे करंट 8.7 अँपिअर हवा, आणि एलिमेंटचा, म्हणजे आतल्या पाणी तापवणाऱ्या कॉइलचा, रेझिस्टन्स 230 चा वर्ग भागिले 2000, साधारण साडेसव्वीस ओहम. माझ्याकडे गीझर चालू असताना सॉकेटला 229 व्होल्ट मिळतात आणि फेजच्या वायरला टाँग टेस्टर, म्हणजे चिमट्यासारखा करंट मोजायचा मीटर, लावला की 6.5 अँपिअर. गुणाकार केला तर 1488 वॉट, भागाकार केला तर 35.2 ओहम. प्लग काढून, गीझर पूर्ण गार झाल्यावर मल्टीमीटरने पिनांवर मोजला, तर 34.6. एलिमेंटमधली नायक्रोमची तार तापल्यावर रेझिस्टन्स जरासा वाढतोच, म्हणजे दोन्ही मीटर एकच गोष्ट सांगतायत. मानकात दहा टक्के कमी चालतं, तेही धरलं. तरी 1800 च्या खाली जायची मुभा नाही.

आता 1500 वॉटच्या एलिमेंटचा रेझिस्टन्स काढा. राहू द्या, मीच काढते: 35.27. कुणीतरी 2000 च्या टाकीत 1500 चं एलिमेंट बसवून दिलंय. गफलत झाली की मुद्दाम केलं, ते तुम्ही शोधा.

दुसऱ्या फोनवर उत्तर मिळालं, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल." व्होल्टेज कमी झालं तर करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, ओहम जागचे हलत नाहीत. खऱ्या 2000 वॉटच्या एलिमेंटने 6.5 अँपिअर घ्यायचे तर लाइन 172 व्होल्टवर यायला हवी. तसं झालं असतं तर गीझर राहिला बाजूला, आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याने आधी बोंब मारली असती. तिसऱ्या फोननंतर टेक्निशियन आला. त्याच्याकडे टेस्टर होता, म्हणजे तो दिवा लागणारा स्क्रू ड्रायव्हर. नळाखाली बोट धरून म्हणाला, "होतंय की गरम."

आणि आजचा फोन. आधी एका मुलीने विचारलं, रीडिंग कशावरून सांगताय. मी म्हटलं, मीटरवरून. "लाइट बिलाच्या का?" तिचा राग नाही, तिच्यापुढे कागद ठेवलाय तो ती वाचते. मग सहा मिनिटं बासरी ऐकवली. मग 'सीनियर टेक्निकल' आले आणि त्यांचं पहिलंच वाक्य: "घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांच्याकडे द्या, जरा टेक्निकल आहे."

आहेत ना जेंट्स. ते मेन रोडला कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात आणि फ्यूज उडाला की मला हाक मारतात. मी 19 वर्षं सातपूरला मोटार रिवाइंडिंग करते, म्हणजे विजेच्या मोटारींच्या जळालेल्या कॉइल नव्याने गुंडाळते. अंबडच्या कारखान्यांतून जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, आणि तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा आल्याशिवाय एकही मोटार मी हातावेगळी करत नाही. हे सगळं मी शांतपणे सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग चांगलंच आहे की ताई. करंट कमी घेतोय म्हणजे तुमचं बिल वाचतंय."

बिल वाचतंय! अहो सीनियर, 25 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला 1.16 युनिट लागतातच, एलिमेंट कुठलंही असो. 2000 वॉटला पस्तीस मिनिटं, 1500 ला सेहेचाळीस-सत्तेचाळीस. मी वाचवतेय ती फक्त झोप, तीही उलटी. निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत मला पहाटे आणखी लवकर उठावं लागतं. आणि जेंट्सना विचारलं असतं तरी उत्तर हेच आलं असतं.

सासऱ्यांनी 1994 साली तुमचाच 2000 वॉटचा गीझर घेतला होता. 22 वर्षं चालला. त्याचं एलिमेंट माझ्या दुकानात भंगारात पडलं होतं, ते काल रात्री मुद्दाम शोधून मोजलं: 26.3 ओहम. तेव्हा पाटीवर लिहिलेलं आत असायचं. त्याच भरवशावर मी गिऱ्हाइकांना तुमचं नाव सुचवत आले. आता नाही सुचवणार, आणि का ते विचारलं तर आकड्यांसकट सांगेन.

आठ दिवसांत 2000 वॉटचं एलिमेंट बसवून द्या किंवा गीझर नेऊन पैसे परत करा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. रीडिंगचे फोटो, बिल आणि तुमचा तो 'सोडवली आहे'चा मेसेज जोडला आहे.

उत्तर लेखी द्या. फोन नको.

आपली ग्राहक,
सातपूर, नाशिक

ता. क. येणाऱ्या माणसाकडे टाँग टेस्टर नसेल तर माझा वापरू द्या. दुकानात खुंटीला टांगलेला असतो. बोट मात्र त्याने घरी ठेवून यावं.