विमान आम्ही जपले, डोक्यावर छप्पर तरी राहू द्या : ब्रिटनच्या वारसामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
संस्कृती व वारसा खाते,
ब्रिटिश सरकार, लंडन

महोदय,

सादर नमस्कार.

ज्या जमिनीवर आमचे छोटे विमानसंग्रहालय इतकी वर्षे उभे आहे, तिच्या मालकांचे पत्र गेल्या आठवड्यात आम्हाला मिळाले. भाडेपट्टा पुढे वाढविला जाणार नाही आणि वर्षअखेरपर्यंत जागा रिकामी करून द्यावी, एवढाच त्यातला मजकूर आहे. याच मालकांनी मागच्या हिवाळ्यात आमच्या कॅनबेरा या ब्रिटिश बनावटीच्या जुन्या बॉम्बफेकी जेट विमानासाठी पक्की शेड बांधायला शेजारची मोकळी जागा देण्याचे सर्वांसमक्ष कबूल केले होते, आणि त्या शब्दावर विसंबून आम्ही शेडसाठी वर्गणी गोळा करण्यास सुरुवात केली होती. वर्गणी देणाऱ्यांमध्ये इंग्लंडात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आहेत. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना झाली आहे. परंतु ज्यांच्यापुढे मी मराठीत हात पसरला, त्यांना उत्तरही मराठीतच देणे लागतो, म्हणून हे पत्र मी जाहीरपणे प्रसिद्ध करीत आहे.

मी निवृत्त अभियंता असून लिंकनशरमध्ये राहतो. माझे वडील भारतीय हवाई दलात होते आणि पुण्याजवळ लोहगावच्या तळावर कॅनबेरा विमानांच्या देखभालीचे काम करीत. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी बारा कॅनबेरा विमाने पुण्याहूनच उडाली होती, आणि त्या पहाटेविषयी वडील आम्हा भावंडांशी पुष्कळदा बोलत. काडतूस फोडून इंजिन सुरू करताना काळा धूर कसा उसळतो, हे मी विमान पाहण्याआधी त्यांच्या तोंडून ऐकले होते. भारतीय हवाई दलाने ही विमाने २००७ पर्यंत वापरली आणि आपल्या रॉयल एअर फोर्सने २००६ पर्यंत. १३ मे १९४९ रोजी प्रथम उडालेले एक विमान अर्धशतकाहून अधिक काळ दोन देशांच्या सेवेत राहते, अफगाणिस्तानवरून टेहळणी करीत निवृत्त होते, आणि त्यानंतर त्याच्या वाट्याला ताडपत्री येते, हे मला पाहवत नाही.

आपण कदाचित म्हणाल की ताडपत्री तरी आहे. महोदय, उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचे काय होते ते कृपया कोणा जाणकाराकडून समजून घ्या. पाणी पत्र्यांच्या सांध्यांतून आत झिरपते, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या भोवती साचते, आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे फुलून पत्रे एकमेकांपासून सुटू लागतात. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग त्याहून लवकर जातात. कॅनबेराच्या उभ्या शेपटीचा पुढचा भाग लाकडी आहे; तो एकदा भिजू लागला की आतून कुजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो. एका उन्हाळ्यात आम्ही जेवढे घासून, रंगवून, पत्रे बदलून सावरतो, त्यातले निम्मे पुढच्या हिवाळ्यात परत जाते. आमच्यापैकी बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत. ही शर्यत आम्ही छपराशिवाय जिंकू शकत नाही आणि आता तर पायाखालची जागाही जाणार आहे.

ते विमान दुसरीकडे हलवा, असे सांगणे सोपे आहे. कॅनबेराच्या पंखांचा विस्तार साडेएकोणीस मीटर आहे. इंजिने काढायची, पंख उतरवायचे, क्रेनने धड उचलायचे, लांब ट्रेलर आणायचा, रस्त्यांची परवानगी घ्यायची, आणि हे सर्व अशा सांध्यांवर करायचे की जे गेल्या कित्येक दशकांत कोणी उघडलेले नाहीत. जिथे हे जमत नाही तिथे शेवटी करवत चालते. या देशातल्या संग्रहालयांत कॅनबेराची नुसती नाके इतकी का दिसतात, याचा आपण कधी विचार केला आहे का? कोणाकडे जागा नव्हती, कोणाकडे पैसे नव्हते, म्हणून कॉकपिटचा तुकडा कापून ठेवला आणि उरलेले भंगारवाल्याने नेले. आमच्या विमानाचेही असेच नाक उरेल, या भीतीने मला रात्री झोप लागत नाही.

यासंबंधी आम्ही एका सरकारी कार्यालयास लिहिले तेव्हा हा दोन खासगी पक्षांमधील करार असल्याने हस्तक्षेप करता येत नाही, असे उत्तर आले. वारसा-अनुदानासाठी चौकशी केली तेव्हा त्याकरिता दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हवा, असे सांगण्यात आले. म्हणजे भाडेपट्टा नाही म्हणून अनुदान नाही, अनुदान नाही म्हणून शेड नाही, आणि शेड नाही म्हणून विमान कुजते. या चक्रातून बाहेर पडण्याचा रस्ता आम्ही ज्याला ज्याला विचारला, त्याने आम्हाला पुढच्या दाराकडे पाठविले.

ही विमाने खासगी कशी? १९४० साली याच देशाच्या विमान-उत्पादन मंत्रालयाने ५,००० पौंड ही एका स्पिटफायर लढाऊ विमानाची किंमत ठरवून जगभरच्या लोकांपुढे झोळी पसरली होती. गावे, कारखाने, शाळकरी मुले, वसाहतींतले लोक, सर्वांनी त्यात पैसे टाकले. रॉयल एअर फोर्सच्या १२४व्या स्क्वॉड्रनला ‘बडोदा’, १३२व्या स्क्वॉड्रनला ‘बॉम्बे’ आणि १५२व्या स्क्वॉड्रनला ‘हैदराबाद’ ही नावे उगाच मिळाली नाहीत. गायकवाडांच्या बडोद्यातून आणि आमच्या मुंबईतून गेलेल्या पैशांवर इंग्लंडच्या आकाशात विमाने उडाली. त्या काळी भारतातल्या लोकांची इच्छा कितपत विचारली गेली, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे आणि तो मी विसरलेलो नाही. परंतु पैसे घेताना जे सर्वांचे होते ते जपण्याच्या वेळी खासगी होते, हा न्याय मला मान्य नाही.

युद्धानंतर जपणूकही लोकांनीच केली. ईस्ट कर्बी येथील लँकॅस्टर हे महायुद्धातले बॉम्बफेकी विमान पँटन बंधूंनी १९८३ साली स्वतःच्या पैशांनी घेतले, कारण त्यांचा थोरला भाऊ १९४४ मध्ये जर्मनीतल्या न्युरेंबर्गवरच्या हवाई हल्ल्यातून परतला नव्हता. शेती आणि कोंबडीपालन करणारी ही माणसे होती. एल्विंग्टनच्या यॉर्कशर एअर म्युझियममध्ये जे हॅलिफॅक्स बॉम्बफेकी विमान उभे आहे, त्याच्या धडाचा भाग स्कॉटलंडच्या लुइस बेटावर कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरला जात होता. स्वयंसेवकांनी तो आणला, हेस्टिंग्ज या वाहतुकीच्या विमानाचे पंख मिळविले, बाकीचे घडविले आणि १९९६ मध्ये ते विमान लोकांसमोर आणले. सॉल्सबरी हॉलमध्ये मॉस्किटो या महायुद्धातल्या लाकडी विमानाचा पहिला नमुना आजही आहे, कारण तो जाळून किंवा मोडून टाकू नये असे काही माणसांना वाटले, आणि १९५९ पासून तो लोकांना पाहता येतो. यांतल्या एकाही कामाची सुरुवात सरकारी आदेशाने झालेली नाही.

आणि जिथे अशी वेडी माणसे वेळेवर भेटली नाहीत, तिथे काय झाले? शॉर्ट स्टर्लिंग हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान दोन हजारांहून अधिक संख्येने बनले. आज जगात त्यातले एकही पूर्ण विमान शिल्लक नाही, आणि स्वयंसेवकांचा एक गट त्याचा पुढचा भाग पुन्हा शून्यातून घडवीत आहे. हॉकर टायफून हे लढाऊ विमान तीन हजारांवर बनले. पूर्ण असे एकच उरले, तेही चाचणीसाठी अमेरिकेस पाठविले होते म्हणून वाचले आणि १९६८ मध्ये एका हरिकेन विमानाच्या बदल्यात परत मिळाले. आपल्याच देशाचे विमान परदेशात गेल्यामुळे वाचावे, ही गोष्ट कोणत्याही वारसामंत्र्याला अस्वस्थ करायला हवी.

व्हल्कन एक्सएच ५५८ या बॉम्बफेकी जेट विमानाचे उदाहरण ताजे आहे. हवाई दलाने १९९३ मध्ये ते विकून टाकले. लोकांनी ते पुन्हा उडवायचे ठरविले; राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून २००४ मध्ये सुमारे २७ लाख पौंड मिळाले, हजारो लोकांनी आपल्या निवृत्तिवेतनातून पाच-दहा पौंड पाठविले, निधी आटला तेव्हा सर जॅक हेवर्ड यांनी एकट्याने पाच लाख पौंड दिले, आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते विमान उडाले. २८ ऑक्टोबर २०१५ पर्यंत त्याने लाखो लोकांना मान वर करायला लावली. त्यानंतर जुन्या फिनिंग्लीच्या तळावर, म्हणजे डॉनकास्टर शेफिल्ड विमानतळावर, ते उघड्यावर उभे राहिले. त्याच्यासाठी आखलेले नवे हँगर होऊ शकले नाही, आणि २०२२ मध्ये विमानतळच बंद झाला. त्याच्या शेजारी डब्ल्यूके १६३ हे कॅनबेरा आहे. १९५७ मध्ये ७०,३१० फूट उंची गाठून जागतिक विक्रम करणारे विमान ते हेच. एवढ्या नावाजलेल्या विमानांची ही स्थिती असेल, तर आमच्यासारख्या अनोळखी संग्रहालयाची काय कथा?

कायद्याकडे पाहिले की संताप आणखी वाढतो. डक्सफर्डच्या जुन्या विमानतळावरील पहिल्या महायुद्धकाळातील हँगरांना कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. जहाजांसाठी राष्ट्रीय नोंदवही आहे, सरकारी पैशावर चालणारी सल्लागार संस्था आहे. विमानांची वारसा-नोंद मात्र या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःच केली आणि तिला कायद्याचे बळ नाही. हँगरची वीट हलविण्यापूर्वी परवानगी लागते. त्याच हँगरमधले जगातले शेवटचे विमान मालकाने उद्या कापले, तर त्याला अडविणारा कायदा नाही. दगडविटांना इतिहास असतो आणि रिव्हेटांना नसतो, हे कोणी ठरविले?

पैसे नाहीत हे उत्तर मी स्वीकारणार नाही. निमरॉड एमआरए४ या सागरी टेहळणीच्या विमानांवर ३ अब्ज पौंडांहून अधिक खर्च करून २०११ मध्ये वुडफर्ड येथे ती यंत्रांनी चिरडण्यात आली. त्याच वर्षी ७२ हॅरियर लढाऊ विमाने आणि त्यांचे सुटे भाग सुमारे ११ कोटी ६० लाख पौंडांना अमेरिकेला विकले गेले. व्हल्कनला मिळालेले लॉटरीचे पैसे निमरॉडवरच्या खर्चाच्या एक सहस्रांशाहूनही कमी होते. जे राज्य अब्जावधी मोडीत काढताना डगमगत नाही, ते एका शेडच्या पत्र्यासाठी म्हाताऱ्या माणसांना बाजारात वर्गणीची बादली घेऊन उभे करते. देणगीच्या प्रत्येक पौंडामागे सरकार करातून २५ पेन्स देते, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण पौंड आधी कोणाच्या तरी खिशातून यावा लागतो, आणि ते खिसे आता रिकामे होत आले आहेत.

हे काम करताना माझ्या बोटांची संवेदना गेली आहे. हिवाळ्यात पंखाखाली आडवे पडून काम केल्याने पाठ कायमची अधू झाली. ज्या सहकाऱ्याने मला पत्रा वाकविणे शिकविले, तो शेड पाहण्याची इच्छा मनात ठेवूनच या वसंतात गेला. त्याच्या हातातले कौशल्य कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही आणि त्याच्याकडून ते पुरते शिकून घेण्याइतके तरुण आम्हाला मिळाले नाहीत. ज्या संस्थेला वर्षअखेरीनंतर जागा असेल की नाही याची खात्री नाही, तिथे विशीतला मुलगा आपले शनिवार-रविवार का घालवील? माझी पत्नी म्हणते, आता पुरे. तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. हवाई प्रदर्शनांचे नियम शोरहॅमच्या प्रदर्शनात २०१५ मध्ये विमान कोसळून झालेल्या अपघातानंतर कडक झाले. तिथे अकरा जणांचे प्राण गेले, तेव्हा ते व्हायलाच हवे होते. आम्ही उडण्याची परवानगी मागतच नाही. जमिनीवर, चार भिंतींच्या आत, कोरडे उभे राहण्याची परवानगी मागतो.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. विमानांची वारसा-नोंद कायद्याने मान्य करावी आणि नोंदीतले विमान मोडण्यापूर्वी किमान एक वर्षाची जाहीर सूचना देणे बंधनकारक करावे. संरक्षण खात्याकडे जी हँगरे रिकामी आहेत, ती नोंदणीकृत धर्मादाय संग्रहालयांना दीर्घ मुदतीने आणि नाममात्र भाड्याने द्यावीत. ज्यांना जागा सोडण्याची नोटीस आली आहे, अशा संग्रहालयांसाठी भाडेपट्ट्याची अट शिथिल करून तातडीचे स्थलांतर-अनुदान सुरू करावे. आणि आमच्या जमीनमालकांना बोलावून निदान एका वर्षाची मुदतवाढ मागावी. आम्ही मागितली तेव्हा त्यांनी उत्तर दिले नाही, मंत्र्यांनी मागितली तर कदाचित देतील.

पंख उतरविण्याचे काम पावसाळी थंडीत करता येत नाही, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत आम्हाला निर्णय घ्यावाच लागेल. आपले उत्तर त्यापूर्वी, लेखी आणि आपल्या स्वाक्षरीने यावे. ते जे असेल ते मी वर्गणीदारांना शब्दशः वाचून दाखवीन, आणि शेडसाठी दिलेला प्रत्येक पौंड परत करायचा की क्रेनवर खर्च करायचा, हे त्यांनाच विचारीन.

आपला,
एक स्वयंसेवक,
लिंकनशर